ठिपकूला हवं घर

एक होता ठिपकू. तो होता विषाणू. एवढा लहान, एवढा लहान, की डोळ्यांना दिसायचाच नाही. अंगात साईसारखा मऊ कोट. कोटाला एक आकडा, मिटलेला.

ठिपकू एका नाकात राहायचा. छान ऊबदार घर होतं. एक दिवस दवाखान्यातल्या कुंदाताईंनी नाकात कापसाची काडी फिरवली. गुर्र गुर्र. काडीला ठिपकू चिकटला आणि टपकन काचेच्या नळीत पडला. गेलं घर.

नळीत होती लालीबाई. लालीबाई म्हणजे रक्तातली लाल पेशी. गोल गोल, मधे दबलेली. ठिपकू गेला, डुबुक डुबुक, आणि तिला चिकटला.

"लालीबाई, लालीबाई, भिंत उघड."

लालीबाई म्हणाली, "आकडा रुतला तर उघडीन."

ठिपकू आकड्याकडे वळला.

"आकड्या, आकड्या, ऊठ. आकडा रुतेना, लालीबाई भिंत उघडेना. ठिपकूने राहावं कुठे?"

आकडा म्हणाला, "आंबट लागलं तर उठीन."

वर ड्रॉपरच्या टोकाला आंबट थेंब लोंबत होता. ठिपकूने त्याला हाक मारली.

"थेंबा, थेंबा, पड. थेंब पडेना, आकडा रुतेना, लालीबाई भिंत उघडेना. ठिपकूने राहावं कुठे?"

थेंब म्हणाला, "ताईंनी दाबलं तर पडीन."

"कुंदाताई, कुंदाताई, दाबा. ताई दाबेनात, थेंब पडेना, आकडा रुतेना, लालीबाई भिंत उघडेना. ठिपकूने राहावं कुठे?"

ताईंना काही ऐकू गेलं नाही. त्या शेजारच्या दिगंबरकाकांना सांगत होत्या, की घड्याळ वाजलं की दाबायचं, आधी नाही.

"घड्याळा, घड्याळा, वाज. घड्याळ वाजेना, ताई दाबेनात, थेंब पडेना, आकडा रुतेना, लालीबाई भिंत उघडेना. ठिपकूने राहावं कुठे?"

घड्याळ म्हणालं, "वेळ झाली तर वाजीन."

वेळ झालीच होती. टिंग!

ठिपकूला वाटलं, आपणच वाजवलं.

घड्याळ वाजलं. ताईंनी दाबलं. थेंब पडला, टप. आकडा उठला, ताडकन. भिंतीत रुतला, खच्च. कोटाची साय भिंतीच्या साईत मिसळली. कोट गेला, पण भिंतीला भोक पडलं. लालीबाईने शब्द पाळला. ठिपकू आत गेला, घरंगळ घरंगळ.

ताईंनी वहीत लिहिलं, 'आत गेला.' हात धुतले, आणि चहाला गेल्या.

ठिपकूला आता आपल्यासारखे हजार ठिपकू बनवायचे होते, तेही घरातल्याच सामानातून. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"लालीबाई, तुझं स्वयंपाकघर कुठे?"

"नाही."

"घर चालवणारं कोणी?"

"तेही नाही. हवा वाहून न्यायला जागा हवी होती. सगळं कधीच बाहेर काढलं."

"मग मी इथे करू काय?"

लालीबाई म्हणाली, "राहायचं होतं ना? राहा."