आठची बस, चौदाचं ऑइल

छापलेलं तेच खरं मानणाऱ्यांनी आजवर किती इंजिनं जाळली असतील!

आमच्या आगारात एका बसचं इंजिन सीझ झालं, म्हणजे आतून जाम होऊन बंद पडलं. चौकशीला आलेले चौबळसाहेब आल्या आल्या कडाडले, "आठची बस साडेनऊला आली! स्टँडवर ताटकळलो!" आणि मेकॅनिक सुलभा खरमाटेच्या निलंबनाचा कागद त्यांनी पुढे ओढला.

सुलभा म्हणाली, "साहेब, दोष ऑइलचा आहे. आपल्या ड्रममधल्या नमुन्याचा दाटपणा प्रयोगशाळेत नऊच भरला. एवढ्या पातळ ऑइलनं इंजिन जळणारच."

"ऑइल कंपनीच्या पत्रकात चौदा छापलाय. छापील खोटं असतं का?"

"मग तुमची बसही आठलाच आली, साहेब. वेळापत्रकात तसंच छापलंय."

साहेबांनी कागद फाडला आणि ड्रम परत पाठवायला सांगितलं.

सुलभाचा जीव भांड्यात पडला. साहेबांच्या त्या आठच्या बसचे ड्रायव्हर दगडूमामा हळूच म्हणाले, "पोरी, बरं झालं मी लेट आलो!"