आळी केलेलं रान

चैत्रातली दशमी, सकाळचा पहिला प्रहर, नदीच्या मधोमध असलेला मोठा खडक. फार पूर्वी या नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती आणि दर बारा वर्षांनी त्या खडकावर दोघांच्या रानाची मोजणी जाहीर होत असे. नियम साधा होता. कुणीही न लावलेली, आपसूक उगवलेली आणि माणसाच्या डोक्याइतकी उंच झालेली झाडं ज्या डोंगरावर असतील, तोच डोंगर मोजणीत धरायचा.

अलीकडच्या काठाचा राजा ऐटीत आला होता. चोवीस वर्षांपूर्वी त्याच्याकडे साठ डोंगर भरले होते, शेजाऱ्याकडे वीस. बारा वर्षांपूर्वी इकडे पन्नास, तिकडे एकतीस. मोजणीदारानं या खेपेचा आकडा वाचला, "अलीकडे एकोणचाळीस. पलीकडे चाळीस."

पलीकडे ढोल वाजले. इतकी वर्षं स्वतःची घट ऐकून राजाची झोप कधी मोडली नव्हती. शेजारी एका डोंगरानं पुढे गेला आणि त्याला घास गोड लागेना.

"काय युक्ती केलीत?" त्यानं शेजारच्या राजाला दात आवळून, हसत विचारलं.

"युक्ती कसली, राजे? कुऱ्हाड बंद केली, चराई बंद केली. बाकी हात लावला नाही."

"सांगायचं नसेल तर नका सांगू."

"अहो, खरंच काही केलं नाही!"

काही न करता कुणी पुढे जातं का? राजाला ते पटेना. सज्जातून शेजाऱ्याची गर्द टेकडी दिसते म्हणून त्यानं तिथं पडदे लावून घेतले. मग दिवसभर पडद्याला फट करून तीच टेकडी पाहत बसू लागला. शेवटी त्यानं वर्षभरात फेरमोजणी मागितली. शेजाऱ्यानं ती हसत मान्य केली.

राजाच्या हद्दीत मागे तोडलेले दोन डोंगर होते. बुंध्यांना नवा फुटवा येऊन तो खांद्यापर्यंत वाढला होता. पायथ्याच्या वाडीतली अकरा घरं त्याच उतारातून झिरपणाऱ्या झऱ्यावर जगत होती. राजा प्रधानाला घेऊन तिथं गेला.

"हे रान? न्हाव्यानं अर्धवट सोडलेल्या डोक्यासारखं दिसतंय!"

वाडीची कारभारीण पुढे आली. "फुटवा आहे, महाराज. बुंधा जिवंत आहे. एक पावसाळा जाऊ द्या, तुमच्या पागोट्याला लागेल."

"आणि नाही लागला तर? तो पुन्हा मला हसेल."

"हसू द्या की! हसण्यानं झरा आटत नाही. मुळं उपटलीत तर आम्ही पाणी कुठलं प्यायचं?"

राजाला त्यातलं हसणं तेवढं ऐकू आलं.

चार दिवसांत दोन्ही डोंगरांवरचा फुटवा मुळासकट उपटला गेला. राजबागेतली उंच झाडं गाड्यांवरून आली. राजानं माळ्यांना बजावलं, "रांगेत लावाल तर खबरदार! वेडीवाकडी लावा. रान वाटलं पाहिजे."

माळ्यांनी जीव ओतून वेडीवाकडी लावली.

पुढच्या चैत्रात शेजारचा मोजणीदार डोंगर चढला. वर बघून त्यानं मान डोलावली. राजाला पलीकडचे ढोल बंद पडल्याचा भास झाला. मग मोजणीदार खाली उकिडवा बसला.

"महाराज, एक विचारू? रानाला आळी कुणी केली?"

प्रत्येक झाडाच्या बुडाशी, हातानं थापून, गोल सुबक आळं केलेलं होतं.

"झाड लावलं की पाण्याला आळं करायचंच," म्हातारा माळी म्हणाला. "करू नका, असं कुठं सांगितलं होतं आम्हाला?"

दोन्ही काठांवर माणसं पोट धरून हसली. अलीकडची जरा जास्तच.

दोन्ही डोंगर बाद झाले. आकडा एकोणचाळीसवरच राहिला. मोजणीदारासोबत आलेला शेजारचा राजा मात्र हसला नाही. बांधालगत एक बुंधा उपटायचा राहून गेला होता. त्याचा फुटवा या राजाच्या पागोट्याच्याही वर गेला होता. त्यावर हात ठेवून तो म्हणाला, "एवढंच राखलं असतंत, तर आज एकेचाळीस होते, राजे."

तेव्हाही राजाच्या मनात एकच आलं, 'हे याला आधी कसं कळलं?'

वाडीकडे मात्र कुणी बघितलं नाही. पहिल्याच पावसात उघड्या उताराची माती झऱ्यात येऊन बसली होती आणि अकराही घरांना कुलपं लागली होती.

तात्पर्य: हेवा करणाऱ्याला तोडता येतं, लावताही येतं, फक्त थांबता येत नाही.

राजा म्हणतो, मी रान लावायला सांगितलं. प्रधान म्हणतो, मी जागा दाखवली. माळी म्हणतात, आम्ही आलो तेव्हा उतार उघडाच होता. फुटवा उपटायचा हुकूम कुणाचा, हे आजवर कुणीही सांगितलेलं नाही.