पदर पसरला नाही

"मग आणखी काय द्यायला हवं होतं मी तिला?"

मानाजीराव खंडागळ्यांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. कसब्याचा न्यायाधीश माणूस. दहा गावांत त्यांच्या शब्दाला उलट शब्द नव्हता. पण हैदरशा फकिरासमोर ते विशीपासून जमिनीवरच बसत आले होते.

फकीर गोधडीला टाके घालत होता.

"काय काय दिलंस?"

"सागवानी माग. वर्षभराचं रेशीम. दाणागोटा. सगळं त्या गुन्हेगाराच्या घरून वसूल करून. आजवर या मुलखात चोराला फटके मिळत. पण ज्याचं घर बुडालं, त्याच्या हाती काय पडे? ही रीत मी पाडली, बाबा."

त्यात खोटं काही नव्हतं. मैनाऊ कोष्टिणीने आपण विणलेलं लुगडं पडत्या भावात द्यायला नकार दिला, म्हणून सावकाराच्या पुतण्याने तिचा माग जाळला होता. मानाजीरावांनी त्याला बेडी ठोकली. सावकाराची भीडभाड ठेवली नाही.

"घेतलं तिने?"

"नाही. भरल्या चावडीत, सनई-चौघडा लावून देत होतो. कारकून म्हणाला, पदर पसर. तिने पदर खांद्यावरून घट्ट लपेटून घेतला आणि सरळ चालू लागली. घरात चूल पेटायची मारामार, आणि ताठा केवढा."

फकिराने सुई गोधडीत टोचली. तो उठला. मानाजीरावांच्या डोक्यावरचं पागोटं त्याने उचललं आणि दारातून रस्त्यावर भिरकावलं.

ओट्यावरची माणसं बघतच राहिली. मानाजीरावांचा हात आधी उघड्या डोक्याकडे गेला, मग कमरेच्या कट्यारीकडे... आणि तिथेच थांबला.

फकीर बाहेर गेला. धूळ झटकून पागोटं घेऊन दारात उभा राहिला.

"उपरणं पसर, मानाजी. टाकतो त्यात."

मानाजीराव ताडकन उठले. कानशिलं तापली होती.

"पागोटं माझं आहे, बाबा. मी भीक मागत नाही."

बोलून गेले, आणि आपलेच शब्द कानी पडताच जागच्या जागी खिळले...

फकिराने दोन्ही हातांनी पागोटं पुढे केलं. मानाजीरावांनी ते घेतलं, पण डोक्यावर ठेवलं नाही. तसेच भर बाजारातून बोडक्याने घरी गेले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले.

"माग घेऊन मीच गेलो, बाबा. वाजंत्री नाही, कारकून नाही. म्हटलं, बाई, हे तुमचं आहे. पोचवायला उशीर झाला."

"मग?"

"तिने मागाचा सांधा न् सांधा तपासला. एक खुंटी ढिली निघाली, ती माझ्याकडून ठोकून घेतली. आणि म्हणाली, त्या भिंतीशी लावा."

"आणखी?"

"आणखी काही नाही. मान ताठ ठेवून सूत भरायला बसली. तिने साधे उपकारसुद्धा मानले नाहीत, बाबा."

"मग पोचलं," फकीर म्हणाला.