राजाच्या मिशा आणि घाण्याचा बैल

फार जुनी गोष्ट. तेव्हा बैल बोलायचे, पण त्यांना कुणी काही विचारायचं नाही.

एका राज्यात भिवराबाई नावाची तेलीण होती. तिचा एक घाणा आणि घाण्याला जुंपलेला हौशा बैल. राजाच्या कोठारातून ती दहा पोती तीळ उसने आणायची, तेल काढून विकायची आणि त्या पैशातून तीळ घेऊन महिन्याने अकरा पोती परत करायची. वरचं एक पोतं म्हणजे व्याज.

एका वर्षी तीळ कमी पिकले. तेल महागलं. राजाच्या मिशांना रोज पावशेर तेल लागायचं, त्यामुळे ही बातमी त्याला लगेच कळली.

प्रधान म्हणाला, "महाराज, व्याज वाढवा. उसनं महागलं की लोक हात आखडतील. भाव आपोआप उतरेल."

व्याज दोन पोती झालं. भिवराबाईने तेलाचा भाव चढवला. वरचं पोतं आणणार कुठून? मग व्याज तीन पोती झालं. तेल आणखी चढलं. पुढचं पीक उदंड आलं, तरी उतरेना. राजाच्या मिशा वाळून हनुवटीवर आल्या.

"बाई लबाड आहे," राजा म्हणाला. "बैल जप्त करा."

बैल गेला की घाणा बंद, आणि घाणा बंद की चूल बंद. भिवराबाई हौशाचा कासरा धरून दरबारात गेली.

"महाराज, माझ्यावर भरवसा नसेल तर याला विचारा."

हौशा बोलला. कुणाला नवल वाटलं नाही. दरबारात याहून विचित्र मंडळी रोज बोलायची.

"महाराज, मी डोळ्यांना झापडं बांधून दिवसभर चालतो. संध्याकाळी बघतो तर सकाळच्याच जागी. तुमची झापडं कुणी बांधली?"

"तोंड सांभाळ रे," प्रधान म्हणाला.

"व्याज तुम्ही बाईकडून घेता. बाई ते तेलाच्या भावात घालते. आणि तेल कोण लावतं?"

राजाचा हात हळूच मिशीवर गेला. "म्हणजे माझं व्याज मीच भरतोय?"

"तुम्ही आणि सगळं गाव."

राजाने त्याच दिवशी हुकूम काढला. जेवणावळीसाठी उसनं घेईल त्याला तीन पोती व्याज. घाणा, माग, भट्टी चालवायला घेईल त्याला एकच.

दोन महिन्यांत तेल उतरलं आणि मिशा वर गेल्या. हौशाला प्रधान केलं. घाण्याला जुना प्रधान जुंपला. त्याला काम शिकवावं लागलं नाही.

तात्पर्य: कष्टकऱ्याच्या उसनवारीवर ओझं टाकलं, की ते भावात मिसळून सगळ्यांच्या घरी पोचतं.