राजा, अडसर लागला का?

एका राज्यात वेस होती उंच, दरवाजा होता सागवानी, आणि त्याला अडसर होता लोखंडाचा, चार हात लांब. तिथली रीत अशी, की सांजवेळी राजाने तो अडसर स्वतःच्या हाताने सरकवायचा, आणि राजा येऊन पानावर बसेपर्यंत राजवाड्यात कोणी घास घ्यायचा नाही. पणजोबांपासून ही रीत कोणाला जड गेली नव्हती.

ती राजा मणिकेतूला जड गेली. एके संध्याकाळी अडसर लावून तो वळला, तोच एक काळी साळुंकी त्याच्या खांद्यावर येऊन बसली आणि माणसाच्या वाणीने म्हणाली, "राजा, अडसर लागला का?"

"लागला."

"नक्की?"

राजाने मागे जाऊन हात लावून पाहिले. अडसर लागलेलाच होता. साळुंकी मात्र उडाली नाही. ती दुसऱ्या कोणाला दिसेना, तिचा शब्द कोणाला ऐकू येईना. कोणी म्हणतात, एका मांत्रिकाच्या शापातून ती उपजली. म्हणणाऱ्यांपैकी एकही जण तिथे हजर नव्हता, तेव्हा ते सोडून द्या.

पहिल्या दिवशी राजा एकदा परतला, महिन्याने तीसदा परतू लागला. डोळे सांगत, लागला. छाती सांगे, नाही. साळुंकी म्हणे, "शत्रू आत शिरेल, तुझ्या इलेचा गळा चिरेल, आणि दोष तुझा असेल." लेकीवर जीव होता, म्हणूनच तो पुन्हा धावे. तळहातांची सालटी निघाली. त्याची आई शेवटचे बोलावत होती तेव्हाही राजा वेशीपाशीच होता, आणि पोचला तेव्हा ती गेलेली होती. लाजेने त्याने साळुंकीचे कोणाला सांगितले नाही.

इला सहा वर्षांची. राणी शाल्मलीने रीत बाजूला ठेवून तिला भरवू पाहिले, पण पोर मान हलवी. "आबा आल्यावर." आबा येत तेव्हा ती पाटावरच झोपलेली असे, पुढ्यात थंड भात. तिसऱ्या वर्षी तिच्या मनगटातून बांगड्या गळून पडू लागल्या.

राणी मग रोज वेशीवर जाई. "लागला आहे, महाराज. मी पाहिला." राजाला क्षणभर बरे वाटे. पण साळुंकी तो शब्द दाण्यासारखा टिपे आणि फुगे. प्रधान सुबंधूने तर एक पहारेकरी नेमला, त्याने घटकेघटकेला ओरडायचे, "लागला हो लागला!" सगळ्यांचा हेतू चांगला होता. सगळ्यांनी मिळून साळुंकीला चारले. ती मोराएवढी झाली आणि राजाची मान वाकली.

शेवटी राजाने राणीला साळुंकीचे सारे सांगितले आणि तो म्हणाला, "मला वेशीबाहेर घाल आणि आतून अडसर लाव. ही माझ्यामागे येईल. निदान पोर जेवेल." राणीने तसे केले नाही; त्याच्या हातांच्या जखमांवर इलाज करायला तिने गोरांबा वैदीण बोलावली.

म्हातारी मलम लावता लावता राजाच्या खांद्याकडे पाहून म्हणाली, "बरीच माजली आहे की हो ही."

राजाचा हात तसाच राहिला. "तुम्हांला दिसते?"

"ज्याला स्वतःची असते, त्याला दुसऱ्याची दिसते." तिने पदर सारला. खांद्यावर चिमणीएवढी साळुंकी डुलक्या घेत होती. "चाळीस वर्षं झाली. मला वाटे, चूल विझवली नाही, गाव जळणार."

राजा ढसाढसा रडला. "मी वेडा नाही?"

"नाही. वाईटही नाही. आजारी आहात."

"हिला मारता येईल?"

"मारायला जाल तितकी फुगेल. चारा बंद करायचा. कामं तीन, महाराज, आणि पहिलं तुमचं नाही." ती राणीकडे वळली. "हे विचारतील. तुम्ही 'लागला' म्हणायचं नाही."

"एवढंच?"

"करून पाहा."

त्या संध्याकाळी राजाने राणीचे पाय धरले. "एकदाच सांग. एकदाच." राणीने ओठ रक्त येईतो दाबले. "मी इथेच आहे," एवढेच ती म्हणाली. आयुष्यात इतके कठीण काम तिने केले नव्हते.

दुसरे काम वाड्याचे. पहारेकऱ्याने ओरडणे थांबवायचे आणि सर्वांनी वेळेवर जेवायचे. सुबंधू म्हणाला, "रीत मोडेल." गोरांबा म्हणाली, "मोडू द्या. तीन वर्षं तुम्ही रीत नाही, साळुंकी पाळलीत."

तिसरे राजाचे. अडसर एकदाच लावायचा, पाठ फिरवायची, आणि पाण्यावर सोडलेले घटिकापात्र बुडेपर्यंत बसायचे. पहिल्या दिवशी पात्र अर्धे भरायच्या आत राजा धावला. महिनाभर धावतच राहिला. "माझ्याच्याने होत नाही," तो म्हणे. म्हातारी शेजारी बसून रोज नवे पात्र सोडी. "भीती चढते, मग उतरते. उतरायच्या आत तुम्ही पळता, म्हणून ती उतरताना तुम्ही कधी पाहिलीच नाही."

एके दिवशी पात्र बुडाले. राजा घामाने भिजला होता, पण बसून होता.

मग तो उठला आणि मागे न पाहता जेवणघराकडे चालू लागला. साळुंकी प्रत्येक पावलाला किंचाळली, "राजा, अडसर लागला का?"

"ठाऊक नाही," राजा म्हणाला, आणि चालत राहिला. उंबरा ओलांडला तेव्हा ती चिमणीएवढी झाली होती.

इला मात्र अजूनही न जेवता थांबे; सवयीने ती पाटावर झोपलीच होती. राजाने तिला उठवले, भात कालवला, घास पुढे केला.

"आबा, तुमचा हात थरथरतो आहे. परत जाणार?"

"थरथरू दे," राजा म्हणाला. "तू जेव."

तिने तोंड उघडले. भात अजून गरम होता.

शाप म्हणा, आजार म्हणा, सुटला तो असा. ऐकणाऱ्यांच्या घरी पाने वेळेवर मांडली जावोत, आणि ज्याचा हात थरथरतो त्याच्या शेजारी कोणी बसलेले असो.