एकवीस गाठींच्या पदराची कहाणी

लेकुरवाळ्यांनो, हातात चार-चार तांदूळ घ्या आणि जरा गप्प बसा. मागं कुजबुज चाललीय ती मला ऐकू येते. बाळंतिणीला पुढं बसवा, तिचं मूल दुसऱ्या कुणीतरी घ्या. तिला दोन्ही हात मोकळे पाहिजेत. सटवाईबाई, तुम्हीही ऐका, तुमचीच गोष्ट आहे.

आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगरात कोष्टी आळी होती. आळीत इराप्पा कोष्टी राहत होता. घरात त्याची म्हातारी आई काशव्वा, आणि बायको नागू. दिवसभर माग चालायचा, खटक-खट, खटक-खट. इराप्पा विणायचा, नागू मागाला टेकून सुताच्या कांड्या भरायची, काशव्वा चुलीपाशी असायची. मग नागूला दिवस गेले. नऊ महिने तिनं मागाशेजारीच कांड्या भरल्या. नऊ महिने नऊ दिवस झाले, मुलगी झाली. पाचवीला सटवाई आली, मुलीच्या कपाळी लिहायचं ते लिहून गेली.

नागूचं माहेर तीन नद्यांपलीकडं. आई लहानपणीच गेलेली. मूल कसं धरावं, कसं पाजावं, कसं निजवावं, तिला काही ठाऊक नव्हतं. मुलगी पहिल्यांदा टाहो फोडून रडली तेव्हा नागू घाबरली आणि तिनं पदराला एक गाठ मारली. कशाची मारली ते तिनं कुणाला सांगितलं नाही. ही गाठ ध्यानात ठेवा, मी पुढं विसरले तर आठवण करा.

मग आळीतल्या बाया बघायला आल्या. शेजारची तुळसाक्का आली. ती म्हणाली, पोरीला घट्ट गुंडाळ, हातपाय सरळ होतात. नागू विसरभोळी, विसरायला नको म्हणून तिनं पदराला गाठ मारली. मग कुंभारीण आली. ती म्हणाली, गुंडाळू नको, मोकळी सोड, हाडं वाढतात. नागूनं आणखी एक गाठ मारली. मग तेलीण आली. तिनं तेल सांगितलं, दुसरं काय सांगणार? टाळूला सांगितलं की तळव्याला, ते मात्र नागूच्या ध्यानात राहिलं नाही. गाठ तेवढी राहिली.

एक म्हणाली, रडली की लगेच उचल. दुसरी म्हणाली, उचलू नको, सवय लागेल. तिसरी म्हणाली, उचल पण हलवू नको. गाठ, गाठ आणि गाठ. मग जेवणावर आल्या. एक म्हणाली, भात खाऊ नको, पोरीला सर्दी होते. नागूनं भात सोडला. एक म्हणाली, भाकरी खाऊ नको, पोरीचं पोट दुखतं. नागूनं भाकरी सोडली. एक म्हणाली, डाळ खाऊ नको, वात होतो. नागूनं डाळ सोडली. राहिलं काय? जिऱ्याचं पाणी. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्याजणी हेच सांगत फिरतात, मला ठाऊक आहे.

काशव्वानं फक्त एक सांगितलं. ती म्हणाली, माग बंद ठेवा. इराप्पानं पुसलं, का? ती म्हणाली, पोर दचकते. आणि चुलीकडं वळली. नागूनं गाठ मारली, इराप्पानं माग थांबवला. घर गप्प झालं. मुलगी मात्र त्या दिवसापासून जास्तच रडायला लागली. कुणाला काही उमगेना.

मग इराप्पा म्हणाला, मी बाजारात विचारून येतो. मेंढक्याला विचारलं, शिंप्याला विचारलं, देवळातल्या पुजाऱ्याला विचारलं. तीन गोष्टी घेऊन घरी आला, दारातूनच सांगितल्या आणि चौथी विचारायला परत गेला. आणखी तीन गाठी पडल्या. सगळ्या मिळून एकवीस झाल्या. माझी सासू सत्तावीस म्हणायची, तिची जाऊ अठरा म्हणायची. दोघी त्यावरून वर्षभर बोलत नव्हत्या. मी एकवीस धरते, तुम्हीही धरा.

मग काय झालं? कुठली गाठ कुणाची, कशाची, नागूला कळेनासं झालं. छातीला शेकायची ओव्याची पुरचुंडी तिनं मुलीच्या उशाला ठेवली. उशाला ठेवायचं ते खुंटीला टांगलं. सकाळी मुलीला गुंडाळायची, दुपारी सोडायची, संध्याकाळी अर्धी गुंडाळायची. रडली की उचलायची, उचलली की आठवायचं की उचलायचं नव्हतं, मग खाली ठेवायची. आपलंच मूल हातात घ्यायच्या आधी ती पदराच्या गाठी चाचपायला लागली.

पदर गाठींनी आखडला, वीतभर उरला. मुलीला पाजायला घेतलं की झाकायला पुरेना, आणि गाठी मुलीच्या गालाला रुतायच्या. मुलगी तोंड फिरवायची. नागूच्या पोटात अन्न नाही, डोळ्याला झोप नाही, दूध आटत चाललं. मुलीचे गाल बसले. हातपाय काड्या झाले. रडण्याचा आवाजसुद्धा बारीक झाला. नागूला कळलं, पोर हातची चाललीय. एवढ्या जणींनी एवढं सांगितलं, सगळं आपण केलं, तरी पोर चाललीय, म्हणून ती उंबऱ्यात बसून रडायला लागली.

तों भर दुपारी दारात बोहारीण आली. डोक्यावर पाटी, पाटीत भांडी. बोहारीण कसली, ती सटवाईच होती. पण नागूला काय ठाऊक, आणि तुम्हीही सांगू नका. बोहारणीनं पुसलं, जुनेर आहे का? नागू म्हणाली, हे अंगावरचंच घेऊन जा, मी दुसरं नेसते, मला हे डोळ्यांसमोर नको. बोहारणीनं पदर हातात घेतला, पालथा केला, उलटा केला, गाठी मोजायला गेली, दोनदा चुकली.

“हे काय आहे, लेकी?”

“लोकांनी सांगितलेलं आहे, आजी. विसरू नये म्हणून बांधून ठेवलंय.”

“आणि ध्यानात काय राहिलं?”

नागूनं एकेक गाठ बोटानं दाबून बघितली. बोहारीण म्हणाली, गाठींचं लुगडं मी घेत नाही, मोकळं करून दे. नागूनं सोडायला घेतलं. नख लावलं, नख तुटलं. दात लावला, दात दुखला. सुई घातली, सुई वाकली. एक गाठ सुटेना. तेव्हा बोहारीण म्हणाली, ह्या तुझ्या हातानं सुटायच्या नाहीत. मी वसा सांगते, तो घे. नागू म्हणाली, आजी, तुम्हीही सांगणार? बोहारीण म्हणाली, मी सांगते, पण गाठ मारायची नाही.

हा वसा कधी घ्यावा? कुणी सांगायला येईल तेव्हा घ्यावा. काय करावं? येणाऱ्याच्या मांडीवर मूल द्यावं. आपण काय करावं? पोटभर गरम जेवावं, आडवं व्हावं, डोळे मिटावे. येणाऱ्यानं काय करावं? आपलं मूल तान्हं असताना आपलं काय चुकलं ते आधी खरं सांगावं, आणि आपली गाठ आपल्या हातानं सोडावी. मग सांगायचं राहिलं असेल तर सांगावं. एवढं बोलून बोहारीण म्हणाली, पाच दिवसांनी येते, आणि निघून गेली.

नागूनं दुसऱ्या दिवशी दुसरं लुगडं नेसलं, गाठींचं मधोमध पसरून ठेवलं. पहिली तुळसाक्का आली. नागूनं मुलगी तिच्या मांडीवर दिली, वसा सांगितला. तुळसाक्का म्हणाली, माझं कधी चुकलंच नाही, पाच पोरं वाढवलीत मी. गाठ ओढली, गाठ आणखी आवळली. परत ओढली, परत आवळली. तेवढ्यात मुलीनं तिच्या मांडीवर धार सोडली. तुळसाक्कानं मुलीची ओली पावलं पुसली. मग हळूच म्हणाली, थोरल्याला मी एवढं घट्ट गुंडाळलं होतं की त्याची पावलं निळी पडली. जावेनं सोडलं म्हणून बरं झालं. मी हे कुणाला सांगितलं नाही. गाठ ओढली, सुटली. इकडं नागू चुलीपाशी बसून भाकरी खात होती. पोट दुखायचं तर दुखो म्हणाली, आणि दुसरी घेतली.

मग कुंभारीण आली, तेलीण आली, जेवणावर बोलून गेलेल्या आल्या. कुणाचं काय चुकलं होतं ते मी सांगत बसत नाही. निम्म्याजणींनी जे सांगितलं होतं ते स्वतः कधी केलंच नव्हतं. गाठी सुटत गेल्या. नागू तेवढ्या वेळात जेवायची आणि निजायची.

मेंढका, शिंपी, पुजारी काही आले नाहीत. त्यांच्या गाठी इराप्पानं आणलेल्या, म्हणून त्यालाच बसवलं. मुलगी मांडीवर दिली. तो अवघडून बसला, श्वास सोडीना. नागूनं पुसलं, तुमचं काय चुकलं? तो म्हणाला, हिला हातात धरायची मला भीती वाटायची. सुताचा धागा तुटला तर मी सांधतो, हिला काही झालं तर काय करू? म्हणून मी बाजारात विचारत फिरलो. नागूला हसूही आलं आणि रागही आला. तीन गाठी एकदमच सुटल्या.

मग दोन गाठी राहिल्या. पाचवा दिवस उजाडला. काशव्वा कोपऱ्यातून उठेना. नागूनं मुलगी नेऊन तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं मुलीच्या कपाळाला हात लावून बघितला. मग बोलली.

“इराप्पाच्या आधी मला मुलगी होती. तिला ताप होता. मी आत निजवली आणि मागाशी कांड्या भरायला बसले. माग चालू होता, मला तिचं रडणं ऐकूच आलं नाही.”

इराप्पाला बहीण होती, हे त्याला त्या दिवशी कळलं.  म्हातारीनं गाठीला हात घातला. बोललं होतं ते खरं होतं, पण म्हाताऱ्या बोटांना टोक धरवेना. इराप्पा आईजवळ बसला, तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. जन्मभर सुताचा गुंता सोडवलेले हात ते. दोघांनी मिळून गाठ सोडली.

मग नागू सासूला म्हणाली, “आत्याबाई, झोळी मागाच्या खांबाला बांधू. मुलगी डोळ्यांसमोर राहील. तुम्ही तिच्यापाशी बसा.” झोळी बांधली. काशव्वा दोरी धरून बसली. इराप्पानं माग सुरू केला. खटक-खट, खटक-खट. मुलीनं रडणं थांबवलं, डोळे मोठे केले, कान दिला. नऊ महिने पोटात हेच तर ऐकलं होतं तिनं. मग तिनं जांभई दिली आणि ती निजली. उठली तेव्हा नागूनं मोकळ्या पदराखाली घेतली. मुलगी पोटभर प्यायली. काशव्वा भिंतीकडं तोंड करून रडली, मग उठून सगळ्यांना वाढलं.

आता गुण कशानं आला? तुळसाक्का म्हणाली, मी गुंडाळायची गाठ सोडली म्हणून. काशव्वा म्हणाली, मागानं. इराप्पा म्हणाला, माझ्या मांडीनं. नागू म्हणाली, भाकरीनं. आळीत त्यावरून भांडणं झाली. मला विचाराल तर मला कळत नाही. इतकी वर्षं मी ही कहाणी सांगते, दर खेपेला माझं मत बदलतं.

तिसऱ्या प्रहरी बोहारीण आली. म्हणाली, दे लुगडं. नागूनं दिलं. बोहारणीनं झटकलं, चाचपलं आणि म्हणाली, एक गाठ राहिलीय, ही कुणाची? मघाशी ध्यानात ठेवायला सांगितली होती ती हीच. कुणीच आठवण केली नाही, राहू द्या, मलाच आठवली. नागू खाली मान घालून म्हणाली, ही माझी. मुलगी पहिल्यांदा रडली तेव्हा मारली होती. मला काही येत नाही, बाकी सगळ्यांना येतं, ते त्यांचं ऐकायचं, विसरायचं नाही, त्याची ही गाठ.

बोहारीण म्हणाली, मग वसा तुलाही आहे. नागू मुलगी मांडीवर घेऊन बसली. मुलीकडं बघितलं. मुलीनं तिच्याकडं बघितलं.

“आजी, माझं काय चुकलं तेच मला कळत नाही.”

एवढं म्हणून तिनं गाठीला हात लावला, तर गाठ आपोआप उलगडली.  बोहारीण तिच्याशेजारी उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, “मलासुद्धा कळत नाही, लेकी. पाचवीला येते, दोन ओळी लिहिते, पुढचं मी तरी कुठं वाचलंय?”

नागूनं चमकून वळून बघितलं. उंबऱ्यात कोणी नव्हतं. लुगडं तिथंच घडी घालून ठेवलेलं, वर एक पितळी वाटी. नागूनं लुगड्याची दुपटी शिवली, वाटीत मुलीला पहिला भात भरवला. पुढं आळीत कुणी बाळंत झालं की नागू जायची, आधी मूल मांडीवर घ्यायची, आपलं चुकलेलं सांगायची. बाळंतीण जेवून निजून उठेपर्यंत बसायची. बहुतेक वेळा सांगायचं असं काही उरायचंच नाही.

आता हातातले तांदूळ मुलाच्या अंगावरून उतरवून टाका, आणि ज्या कुणाच्या मांडीवर ते मूल आहे तिनं उठू नये, बाळंतीण अजून जेवायची आहे. नागूच्या मांडीवर जशी मुलगी निवली, तशी तुमच्याही मांडीवर निवो. सटवाईबाई, आमचं चुकलंमाकलं पोटात घाला, काय चुकलं ते आम्हाला कळत नसलं तरी घाला. ही एकवीस गाठींची कहाणी एका मोकळ्या पदरात सुफळ संपूर्ण झाली.