साळुंकीची दवंडी

जनावरं आपले निरोप पाखरांच्या हवाली करायची, तेव्हाची ही गोष्ट. नदीअलीकडच्या रानात हे काम साळुंकीचं. ज्याचा निरोप त्याच्याच आवाजात सांगायची, रुसव्याफुगव्यासकट. एकदा तिला वाटलं, पलीकडचं रानही आपलंसं करावं.

पलीकडे वठलेली, पोकळ झाडं पुष्कळ. सुतारपक्षी त्यांच्यावर टकटक करून निरोप द्यायचा आणि ती टकटक रानभर ऐकू जायची. कारभार कोरडा, पण पिढ्यान्‌पिढ्या चाललेला.

साळुंकीने सशाला त्याच्याच आवाजात बोलून दाखवलं. ससा खूश झाला.

"झकास आहे ताई. पण परकं पाखरू दिसलं की माझी मावशी बिळात शिरते. तिचा कान टकटकीलाच. आधी बाकीचे तुझ्याकडे येऊ देत, मग मी येतो."

हरणाने तेच सांगितलं, साळिंदराने तेच. साळुंकी वैतागली.

"मग सगळे एकदमच या ना, पौर्णिमेपासून."

"चालेल की," ससा म्हणाला. "पण सगळ्यांना कळवणार कसं?"

साळुंकी दिवसभर बिळाबिळापाशी ओरडत फिरली. घसा बसला, कोणी बाहेर आलं नाही. शेवटी ती खाली मान घालून सुतारपक्ष्याकडे गेली.

"सुतारदादा, एवढा निरोप द्या. पौर्णिमेपासून सगळ्यांनी निरोप साळुंकीकडे द्यावेत."

सुतारपक्ष्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि टकटक केली.

थोड्याच वेळात ससा उड्या मारत आला.

"ताई, पोचला बरं का तुझा निरोप. अगदी मावशीपर्यंत. मावशी विचारतेय, इतकं छान पोचतंय तर बदलायचं कशाला?"